डिस्क एन्क्रिप्ट केली तर लॅपटॉप स्लो होतो का? स्वतः तपासून बघण्याची पद्धत

लॅपटॉप चोरीला गेला तर लॉगिनचा पासवर्ड फारसा कामी येत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की फोटो, बँकेची कागदपत्रं, ब्राउझरमधली माहिती, सगळं उघडं पडतं. त्यावर खरा उपाय म्हणजे पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करणं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात सगळा मजकूर साठवणं. पण हे कुणालाही सुचवलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "लॅपटॉप स्लो होईल ना?" आणि या एका शंकेपायी अनेक जण तो विषय तिथेच सोडून देतात.

थोडक्यात उत्तर असं. गेल्या दहा-बारा वर्षांतला बऱ्यापैकी लॅपटॉप असेल, तर रोजच्या कामात फरक जाणवणार नाही. चाचणीच्या आकड्यांत तो दिसेल, काही विशिष्ट कामांत थोडा जास्त दिसेल आणि खूप जुन्या प्रोसेसरवर मात्र खरोखर त्रास होईल. तुमचा लॅपटॉप यातल्या कोणत्या गटात बसतो, हे अंदाजाने ठरवू नका. ते तपासायला फार वेळ लागत नाही. खालच्या पायऱ्या क्रमाने करत गेलात तर उत्तर तुमच्याच यंत्राकडून मिळेल.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- चार्जर. पहिलं एन्क्रिप्शन बॅटरीवर सुरू करू नका.
- सगळ्या महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप, वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर. तो उघडून बघितलेला असावा.
- अॅडमिन खात्याचा पासवर्ड.
- रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड चालला नाही तर डिस्क उघडणारी राखीव किल्ली, लिहून ठेवायला कागद आणि तो ठेवायला लॅपटॉपच्या बॅगेपासून लांबची जागा.
- वेग मोजायचं एखादं साधन. विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क, लिनक्सवर केडिस्कमार्क किंवा एफआयओ, मॅकवर ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्ट. सगळी मोफत मिळतात.

## 1. एन्क्रिप्शन आधीच चालू नाही ना, ते बघा

ही पायरी गाळू नका. बऱ्याच जणांची डिस्क आधीपासूनच एन्क्रिप्टेड असते आणि त्यांना पत्ताच नसतो. 2024 मध्ये आलेल्या विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून, नव्याने इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बहुतेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. म्हणजे "स्लो होईल का" या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कदाचित कित्येक महिने वापरत आहात.

विंडोजवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधा. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन (विंडोजचीच एन्क्रिप्शनची सोय) बघा. आणखी नेमकी माहिती हवी असेल तर अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि मॅनेज-बीडीई ही कमांड स्टेटस या पर्यायासह चालवा. त्यात प्रत्येक ड्राइव्ह किती टक्के एन्क्रिप्ट झाला आहे आणि कोणत्या पद्धतीने, हे दिसतं. पद्धतीच्या ओळीत एक्सटीएस-एईएस 128 दिसलं तर समजा की विंडोजचं नेहमीचं सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन चालू आहे. ही ओळ टिपून ठेवा, आठव्या पायरीत लागेल.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्याखाली फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकची डिस्क एन्क्रिप्शनची सोय. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएसबीएलके चालवा. यादीत तुमच्या मुख्य पार्टिशनखाली क्रिप्ट असा प्रकार दिसला तर डिस्क एन्क्रिप्टेड आहे.

## 2. प्रोसेसरमध्ये एईएसची सोय आहे का?

सगळ्यात जास्त फरक या एका गोष्टीने पडतो.

आजची जवळपास सगळी डिस्क एन्क्रिप्शनं एईएस या पद्धतीवर चालतात. योआन डॅमन आणि व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोघांनी ती तयार केली आणि 2001 मध्ये अमेरिकेने ती आपलं अधिकृत मानक म्हणून स्वीकारली. सुरुवातीला तिचं सगळं गणित प्रोसेसरला साध्या सूचनांनी करावं लागायचं. त्यात बराच वेळ जायचा आणि "एन्क्रिप्शन म्हणजे स्लो" ही समजूत त्याच काळातली आहे. मग 2010 पासून इंटेलने प्रोसेसरमध्येच एईएससाठी खास सूचना द्यायला सुरुवात केली, त्यांना एईएस-एनआय म्हणतात. पाठोपाठ एएमडीने 2011 च्या बुलडोझर पिढीत त्या आणल्या. एआरएम प्रकारच्या प्रोसेसरच्या आठव्या आवृत्तीतही तशीच सोय आली.

त्यामुळे लॅपटॉपचं वय बघून चालत नाही, सोय आहे की नाही ते बघावं लागतं. 2011 च्या सँडी ब्रिज पिढीतल्या बहुतेक आय3 प्रोसेसरमध्ये आणि त्या काळच्या पेंटियम, सेलेरॉनमध्ये ती नव्हती, पण त्याच पिढीच्या आय5 आणि आय7 मध्ये साधारणपणे होती.

तपासायचं कसं? विंडोजवर सीपीयू-झेड उघडा आणि पहिल्याच पानावर इन्स्ट्रक्शन्सच्या ओळीत एईएस आहे का ते बघा. लिनक्सवर एलएससीपीयू चालवून फ्लॅग्जच्या लांबलचक यादीत एईएस शोधा. मॅकवर ही तपासणी करायची फारशी गरज नाही, कारण पुढे येईलच.

इथे एक सापळा आहे. प्रोसेसरमध्ये सोय असूनही काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) ती बंद करून ठेवलेली असते. प्रोसेसरच्या माहितीत सोय आहे म्हणतात आणि यंत्रावर दिसत नाही, असं झालं तर बायोसमधला सीपीयूचा भाग बघा. व्हर्च्युअल मशीनच्या आत तपासत असाल तर तिथेही ती लपलेली असू शकते, म्हणून मूळ यंत्रावरच बघा.

लिनक्सवाल्यांसाठी याहून चांगली चाचणी आहे. क्रिप्टसेटअप ही कमांड बेंचमार्क या पर्यायासह चालवा. थोड्या वेळात एक तक्ता येतो. त्यात वरच्या काही ओळी पासवर्डवरून किल्ली तयार करण्याच्या असतात, त्या सोडा. खाली एईएस-एक्सटीएसच्या दोन ओळी असतात, एक 256 बिटांची आणि एक 512 बिटांची. 512 बघून गोंधळू नका. एक्सटीएस प्रकारात दोन किल्ल्या लागतात, म्हणून 512 लिहिलेलं असलं तरी आतमध्ये एईएस-256 च चालतं. लिनक्सवर बहुधा तीच ओळ तुमची असते. तिथे शेवटच्या दोन रकान्यांत एन्क्रिप्शन आणि डिक्रिप्शनचा वेग असतो. आकडा हजारांत असेल, म्हणजे सेकंदाला 1500, 2000, 3000 एमबी, तर सोय चालू आहे. आकडा शंभर-दोनशेच्या घरात असेल तर नाही. ही चाचणी फक्त मेमरीत आणि प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (त्यातल्या एका स्वतंत्र भागावर) होते, डिस्कचा तिच्याशी संबंध नसतो, हे ध्यानात ठेवा.

## 3. वेळ नेमका कुठे जातो, ते समजून घ्या

एवढं समजलं की पुढचे सगळे आकडे तुमचे तुम्हाला वाचता येतील, म्हणून इथे थोडं थांबू.

एन्क्रिप्टेड डिस्कवरून काही वाचायचं तर दोन कामं होतात. डिस्क मजकूर आणून देते आणि प्रोसेसर तो उलगडतो. समजा 4 केबीचा एक छोटा तुकडा हवा आहे. सिस्टिम सुरू होताना, प्रोग्रॅम उघडताना असे हजारो तुकडे इकडून तिकडून वाचले जातात.

फिरत्या हार्ड डिस्कला तो तुकडा शोधून आणायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 10,000 मायक्रोसेकंद. साटा, म्हणजे जुन्या प्रकारच्या जोडणीच्या एसएसडीला शंभरेक मायक्रोसेकंद. चांगल्या एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जोडणीच्या एसएसडीला त्याहून कमी, पन्नास ते ऐंशीच्या आसपास. आता उलगडण्याचा वेळ. प्रोसेसर सेकंदाला 2000 एमबी उलगडत असेल तर 4 केबीला 2 मायक्रोसेकंद लागतात. एईएसची सोय नसेल आणि वेग सेकंदाला 150 एमबी असेल, तर 27.

आता हे आकडे शेजारी ठेवून बघा. हार्ड डिस्कवर 10,000 च्या पुढे 2 काय आणि 27 काय, छोट्या तुकड्यांच्या वाचनात काहीच फरक पडत नाही. एनव्हीएमईवर 70 च्या पुढे 2 म्हणजे तीन टक्के, माणसाला कळणं शक्य नाही. पण एनव्हीएमईवर 70 च्या पुढे 27 म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि हे मात्र अंगावर येतं. जुना प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपला नवी वेगवान एसएसडी बसवली आणि एन्क्रिप्शन चालू केलं, तर निराशा होते ती यामुळेच.

मोठी फाइल सलग वाचताना हिशोब बदलतो. तिथे दोन्ही कामं बरोबरीने चालतात आणि जो हळू असेल त्याचा वेग शेवटी मिळतो. पाण्याच्या नळीत जिथे सगळ्यात अरुंद जागा असते तिथल्याइतकंच पाणी येतं, तसं. साटा एसएसडी सेकंदाला 550 एमबीच्या पुढे जात नाही आणि प्रोसेसर 2000 उलगडतो, म्हणजे अडचण डिस्कचीच. तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई 3500 देते आणि चौथ्या पिढीची 7000, तेव्हा एका कोअरचे 2000 कमी पडू शकतात. काम अनेक कोअरवर वाटलं गेलं तर हा तोटा बराच भरून निघतो, पण चाचणीत आकडा खाली आलेला दिसतो.

म्हणून एक उलटी वाटणारी गोष्ट घडते. डिस्क जितकी वेगवान, तितका एन्क्रिप्शनचा परिणाम आकड्यांत जास्त दिसतो. 2023 मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने अतिशय वेगवान अशा सॅमसंग 990 प्रो एसएसडीवर विंडोज 11 प्रोचं सॉफ्टवेअर बिटलॉकर तपासलं, तेव्हा काही चाचण्यांत 45 टक्क्यांपर्यंत घट दिसली. ही बातमी वाचून अनेकांनी बिटलॉकर बंद केलं. माझ्या मते ती घाई होती. तो आकडा "45 टक्क्यांपर्यंत" आहे, म्हणजे सगळ्यात वाईट चाचणीतला. आणि एवढ्या वेगवान डिस्कचा वेग बऱ्यापैकी उतरला तरी ती साटा एसएसडीच्या पुढेच राहते. ब्राउझर उघडायला, कागदपत्रं लिहायला, व्हिडिओ बघायला तो सगळा वेग कधी लागतच नाही.

आणखी एक खर्च आहे, रांगेचा. ऑपरेटिंग सिस्टिम उलगडण्याचं काम थेट करत नाही, ते रांगेत लावते आणि दुसरा कुणी ते उचलतो. लिनक्समधली ही रांग मुळात हळू डिस्कचा विचार करून केलेली होती. एनव्हीएमईवर कधी कधी खुद्द एईएसपेक्षा रांगेत थांबण्याचा वेळ जास्त होतो. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या अभियंत्यांनी यावर काम केलं आणि 2020 मध्ये लिनक्स 5.9 मध्ये ही रांग टाळण्याचे दोन पर्याय आले. आठव्या पायरीत त्यांचा उपयोग सांगितला आहे.

## 4. चालू करण्याआधी मोजा

आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून एन्क्रिप्शन चालू करण्यापूर्वीच मोजा आणि लिहून ठेवा.

चार्जर लावा, पॉवर मोड दोन्ही वेळी तोच ठेवा, सगळे प्रोग्रॅम बंद करा. अपडेट चालू असेल तर ते संपू द्या. चाचणी तीनदा घ्या आणि मधला आकडा धरा. क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये चार ओळी येतात. वरच्या दोन सलग वाचन-लेखनाच्या, खालच्या दोन 4 केबीच्या तुकड्यांच्या. जाहिरातीत पहिली ओळ असते. तुमच्या रोजच्या अनुभवाशी नातं असतं ते सगळ्यात खालच्या ओळीचं, जिथे एका वेळी एकच छोटा तुकडा मागितला जातो.

आकड्यांच्या जोडीला घड्याळही लावा. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत किती सेकंद? तुमचा सगळ्यात जड प्रोग्रॅम उघडायला किती? एखादं मोठं फोल्डर कॉपी करायला किती? शेवटी तुम्हाला जगायचं आहे ते या सेकंदांशी.

चाचणीची फाइल फार लहान ठेवू नका, नाहीतर मेमरीतल्या कॅशचा वेग मोजला जाईल. आणि डिस्क गच्च भरलेली असेल तर आधी जागा करा. भरलेली एसएसडी एन्क्रिप्शनशिवायही हळू चालते आणि दोष मग भलत्याच गोष्टीवर येतो.

## 5. रिकव्हरी की आधी, बाकी नंतर

वेगाची काळजी सगळे करतात, किल्लीची फार थोडे. माझ्या मते प्राधान्य नेमकं उलटं हवं. पाच टक्के वेग गेला तर काही बिघडत नाही, किल्ली गेली तर सगळंच जातं. नीट केलेलं एन्क्रिप्शन विसरलेल्या मालकालाही दाद देत नाही.

बिटलॉकरची रिकव्हरी की 48 अंकांची असते. होम आवृत्तीत ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. खात्यात लॉगिन करून ती तिथे दिसते आहे का, हे आजच बघा. फाइलव्हॉल्टमध्ये रिकव्हरी की लिहून घ्यायला सांगतात किंवा अॅपल खात्याचा पर्याय मिळतो. लक्स या लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क एन्क्रिप्शन पद्धतीत एकाच डिस्कला एकाहून जास्त पासवर्ड लावता येतात, म्हणून एक लांबलचक राखीव पासवर्ड लावून कागदावर ठेवा. शिवाय लक्सच्या हेडरचा बॅकअप घ्या, कारण डिस्कच्या सुरुवातीचा तो छोटा भाग खराब झाला तर पासवर्ड पाठ असूनही उपयोग होत नाही.

किल्लीची फाइल त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. ही चूक फार सर्रास होते.

## 6. आता चालू करा

विंडोज. होम आवृत्तीत डिव्हाइस एन्क्रिप्शनचं बटण, प्रोमध्ये बिटलॉकर. प्रोमध्ये दोन पर्याय विचारले जातात, फक्त वापरलेली जागा की पूर्ण ड्राइव्ह. नवा कोरा लॅपटॉप असेल तर पहिला निवडा, लवकर होतं. वापरलेल्या डिस्कवर दुसराच घ्या, कारण पुसलेल्या फाइलींचे अवशेष मोकळ्या दिसणाऱ्या जागेत असतात. वेगाच्या दृष्टीने एकदा काम संपल्यावर दोन्हींत फरक नाही.

मॅक. टी2 ही अॅपलची सुरक्षा चिप असलेले मॅक आणि एम1 पासून पुढचे सगळे मॅक डिस्कवर जाणारा मजकूर मुळातच एन्क्रिप्ट करतात. स्टोरेज आणि मेमरीच्या मधल्या वाटेवरच त्यासाठी वेगळं हार्डवेअर आहे. फाइलव्हॉल्ट चालू केल्यावर फक्त तुमचा पासवर्ड त्या किल्लीला जोडला जातो, म्हणून ते क्षणात होतं आणि वेगात फरक पडत नाही. अशा मॅकवर वेगाच्या काळजीने फाइलव्हॉल्ट बंद ठेवायला काहीही कारण नाही. टी2 च्या आधीच्या इंटेल मॅकवर मात्र एन्क्रिप्शन प्रोसेसर करतो आणि पहिल्यांदा बराच वेळ लागतो.

लिनक्स. इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडा. चालू सिस्टिमवर नंतर एन्क्रिप्ट करता येतं, पण नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. बॅकअप घ्या आणि नव्याने इन्स्टॉल करा. इन्स्टॉलर स्वॅपही (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) एन्क्रिप्टेड जागेतच ठेवतो आहे ना, एवढं बघा.

वेराक्रिप्ट. इतर कुठल्या कारणाने हे मोफत एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर वापरणार असाल तर टूल्स मेन्यूमध्ये बेंचमार्क आहे, तो आधी चालवा. एकावर एक अशा तीन पद्धतींची साखळी दिसायला भक्कम वाटते, पण तिथे प्रत्येक तुकड्यावर तिप्पट काम होतं आणि सर्पेंट, टूफिश या इतर पद्धतींना प्रोसेसरची एईएस सोय मिळत नाही. साधं एईएस पुरेसं आहे.

## 7. पहिल्या दिवसावरून मत बनवू नका

विंडोजवर आणि जुन्या इंटेल मॅकवर चालू केल्यावर डिस्कवरचा मजकूर एकदा वाचून पुन्हा लिहिला जातो. तोवर पंखा फिरतो, लॅपटॉप तापतो, बॅटरी झरझर उतरते. हे काम विंडोजमध्ये मागच्या मागे चालतं, लॅपटॉप बंद केला तरी पुढच्या वेळी जिथे राहिलं तिथून सुरू होतं. फिरत्या हार्ड डिस्कवर याला कित्येक तास लागू शकतात. "चालू केलं आणि लॅपटॉप मेलाच" अशी तक्रार करणारे पुष्कळदा याच काळातलं सांगत असतात. मॅनेज-बीडीईच्या स्टेटसमध्ये 100 टक्के दिसेपर्यंत थांबा, एकदा रीस्टार्ट करा, मग चौथ्या पायरीतली तीच मोजणी त्याच पद्धतीने पुन्हा करा.

आकडे वाचताना मी लावतो ते ठोकताळे असे. सलग वाचनाचा आकडा उतरला पण घड्याळाचे सेकंद तेवढेच आहेत, तर विषय संपला. खालच्या 4 केबीच्या ओळीत पाच-दहा टक्के घट म्हणजे नेहमीचं. ती घट तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली आणि प्रोग्रॅम उघडायलाही वेळ लागू लागला, तर पुढची पायरी वाचा.

लिनक्सवर सुरुवातीला पासवर्ड दिल्यावर दोनेक सेकंद थांबावं लागतं. तो दोष समजू नका. लक्स2 मध्ये पासवर्डवरून किल्ली तयार करण्याचं काम मुद्दामच जड ठेवलेलं असतं, म्हणजे चोराला सेकंदाला लाखो पासवर्ड पडताळता येत नाहीत. सुरू होताना एकदाच हा वेळ जातो. बूट पार्टिशनही एन्क्रिप्ट केलं असेल तर ग्रब हा लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम स्वतः किल्ली तयार करतो आणि त्याला प्रोसेसरची पूर्ण ताकद वापरता येत नसल्याने तिथे आणखी थांबावं लागतं.

बॅटरीचं म्हणाल तर एईएसची सोय असलेल्या यंत्रावर स्क्रीन आणि वायफायच्या खर्चापुढे याचा खर्च किरकोळ आहे.

## 8. खरंच स्लो वाटत असेल तर

आधी मेमरी बघा. रॅम कमी असेल तर सिस्टिम सतत स्वॅप करते आणि आता स्वॅपचं प्रत्येक पान एन्क्रिप्टही करावं लागतं. दुखणं आधीचंच असतं, एन्क्रिप्शनने ते उघड होतं. अशा लॅपटॉपला रॅम वाढवून मिळाली तर एन्क्रिप्शन बंद करण्यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो.

मग ट्रिम. कोणते ब्लॉक मोकळे झाले हे एसएसडीला कळवण्याची ती पद्धत आहे. विंडोज आणि मॅक हे आपोआप करतात. लिनक्सवर लक्सच्या थरातून ट्रिम खाली जाऊ द्यायची परवानगी वेगळी द्यावी लागू शकते, क्रिप्टटॅब या सेटिंग्जच्या फाइलमध्ये डिस्कार्ड हा पर्याय घालून. ती नसेल तर एसएसडीला सगळी डिस्क भरलेलीच वाटते आणि काही महिन्यांनी लिहिण्याचा वेग उतरतो. परवानगी दिली तर डिस्क बघणाऱ्याला कोणती जागा मोकळी आहे एवढं कळू शकतं, मजकूर कळत नाही. घरच्या लॅपटॉपसाठी मी ही परवानगी द्यावी असंच म्हणेन.

सँडफोर्स कंट्रोलर असलेल्या जुन्या एसएसडीवर एक वेगळीच अडचण असते. त्या मजकूर दाबून लहान करून लिहितात आणि वेग त्यातून मिळवतात. एन्क्रिप्टेड मजकूर दबत नाही, त्यामुळे तिथे लिहिण्याचा वेग घसरतो. यावर उपाय डिस्क बदलणं हाच.

लिनक्सवर वेगवान एनव्हीएमई असेल तर तिसऱ्या पायरीत सांगितलेल्या, वाचनाची आणि लेखनाची रांग टाळणाऱ्या पर्यायांचा प्रयोग करून बघा. तेही क्रिप्टटॅबमध्येच घालता येतात. प्रत्येक यंत्रावर फायदा होईलच असं नाही, म्हणून आधी-नंतर मोजा. लक्सचा सेक्टर 512 ऐवजी 4096 बाइटचा असेल तरी काम हलकं होतं, नव्या इन्स्टॉलमध्ये हे बहुधा आपोआपच होतं.

प्रोसेसरमध्ये एईएसची सोयच नसेल तर? 2019 मध्ये गूगलने नेमक्या अशाच हळू प्रोसेसरसाठी अॅडियंटम ही पद्धत आणली आणि लिनक्समध्ये ती वापरता येते. तुम्ही लिनक्सवर नसाल, तर अशा जुन्या यंत्रावर पूर्ण डिस्कऐवजी फक्त महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी एन्क्रिप्टेड कंटेनर (कुलूपबंद फोल्डरसारखी एक फाइल) ठेवणं हा व्यवहारी मार्ग आहे. त्यात तात्पुरत्या फाइली आणि ब्राउझरचा इतिहास उघडा राहतो, हे मात्र स्वीकारावं लागेल.

एक सल्ला ठामपणे टाळा. "एसएसडीचं स्वतःचं हार्डवेअर एन्क्रिप्शन लावा, वेग अजिबात जात नाही" असं कुणी सांगेल. वेग जात नाही हे खरं आहे. पण 2018 मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की नामांकित कंपन्यांच्या काही एसएसडींवर हे एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय ओलांडता येत होतं. त्यानंतर 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरचं धोरण बदललं आणि ड्राइव्हच्या दाव्यावर न विसंबता नव्या ड्राइव्हवर सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन वापरायला सुरुवात केली. पहिल्या पायरीत टिपलेल्या ओळीत तुमच्या ड्राइव्हवर हार्डवेअर एन्क्रिप्शन लिहिलेलं असेल आणि ड्राइव्ह त्या काळातला असेल, तर ते काढून सॉफ्टवेअरवर यायचा विचार करा.

## 9. पुढे वापरताना

बायोस किंवा फर्मवेअर अपडेट करण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. बिटलॉकर व्यवस्थापनाच्या पानावर सस्पेंडचा पर्याय असतो. यात डिस्क पुन्हा उलगडली जात नाही, म्हणून वेळ लागत नाही. हे न करता अपडेट केलं तर सुरू होताना निळ्या पडद्यावर 48 अंक मागितले जाऊ शकतात. अशा वेळी घाबरून डिस्क फॉरमॅट करू नका. कागद काढा, पडद्यावरचा की आयडी आणि कागदावरचा आयडी जुळतो का ते बघा आणि अंक भरा. विंडोज नव्याने टाकलं किंवा मदरबोर्ड बदलला की किल्लीही बदललेली असू शकते, तेव्हा त्याच दिवशी नवी किल्ली उतरवून घ्या आणि जुना कागद फाडून टाका.